कॅप्सूल अडकते, पण कोणाच्या पोटात?

लहान आतडे हा पचनमार्गाचा सर्वांत लांब भाग, आणि डॉक्टरांच्या नजरेला तो सर्वांत उशिरा पडला. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून थोडी पुढे जाते, गुदद्वारातून घातलेली मोठे आतडे संपेपर्यंत पोहोचते. मधल्या वेटोळ्यांत काय चालले आहे ते कळायला मार्ग नसे. रुग्णाचे हिमोग्लोबिन पुन्हापुन्हा उतरते आहे, दोन्ही दुर्बिणींचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग रक्त जाते कुठून? या प्रश्नापाशी कित्येक रुग्णांचा तपास वर्षानुवर्षे थांबून राहायचा.

ही अडचण १९८१ मध्ये बोस्टनला गॅव्रिएल इदान यांच्या कानावर आली, ती एतान स्कापा या पोटविकारतज्ज्ञाशी बोलताना. इदान इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करणारे अभियंते. गिळता येईल एवढा कॅमेरा करायचा, या कल्पनेचा त्यांनी पाठपुरावा केला. २००० मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा शोधनिबंध आला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली. सुमारे २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड आणि ४ ग्रॅमपेक्षा हलकी अशी ती कॅप्सूल होती. सुरुवातीच्या कॅप्सूल सेकंदाला दोन या वेगाने आठ तास फोटो काढत, म्हणजे एका तपासणीत पन्नास हजारांहून अधिक.

या कॅप्सूलला स्वतःची गती नसते. आतड्याच्या लाटांसारख्या आकुंचनाने अन्न जसे पुढे सरकते, तशीच तीही सरकते आणि बहुतेकांच्या शौचावाटे एक-दोन दिवसांत बाहेर पडते. पण अन्न लहान आतड्यात येईपर्यंत पातळ झालेले असते. आतडे एखाद्या जागी बरेच आकसलेले असले, तरी ते तिथून निसटून जाते आणि रुग्णाला फारसे काही जाणवत नाही. कॅप्सूल मात्र विरघळत नाही की दबत नाही. तिची जाडी ज्या फटीत मावत नाही, तिथे ती थांबते.

कॅप्सूल अडकली असे कधी म्हणायचे, हे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००५ मध्ये ठरवले. दोन आठवडे उलटूनही ती पचनमार्गातच असेल, किंवा ती काढण्यासाठी औषध, दुर्बीण वा शस्त्रक्रिया यांपैकी काही करावे लागले असेल, तर ती अडकली. बॅटरी संपेपर्यंत ती मोठ्या आतड्यात पोहोचली नाही, तर तपासणी अपुरी राहते इतकेच. रिपोर्टवर ‘तपासणी अपूर्ण’ वाचून घाबरून गेलेल्यांना हा फरक कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवा.

धोका किती? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २२,८४० तपासण्यांचा हिशेब होता आणि त्यात अडकण्याचे प्रमाण १.४ टक्के निघाले. हा आकडा खरा आहे, पण तो सरसकट प्रत्येक रुग्णाला सांगणे मला पटत नाही. २०१७ च्या एका विश्लेषणात आतड्यातून रक्तस्राव होत असल्याचा संशय असलेल्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते, तर क्रोन्ससारखा आतड्याचा दाह आधीच निदान झालेल्यांत ८ टक्क्यांच्या वर. त्याआधीच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात क्रोन्सच्या ज्ञात रुग्णांत ते १३ टक्के आढळले होते, आणि क्रोन्सचा नुसता संशय असलेल्यांत २ टक्क्यांहूनही कमी. सगळ्यांच्या हातात असते ती कॅप्सूल एकाच मापाची. फरक पडतो तो आतड्याने. म्हणून सरासरीपेक्षा त्या माणसाच्या पोटाचा इतिहास महत्त्वाचा.

जेवल्यावर तासा-दोन तासांनी पोटात कळ येते का? पोट फुगून गुरगुरते आणि उलटी झाली की बरे वाटते का? पोटाचे ऑपरेशन झाले आहे का? कॅन्सरसाठी पोटावर रेडिएशन घेतले आहे का? आपल्याकडे आणखी एक प्रश्न हवाच: टीबी झाला होता का, घरात कोणाला होता का? आतड्याचा टीबी भरून येताना व्रणाच्या जागी कडक, आकसलेला वळा मागे ठेवू शकतो. टीबी आणि क्रोन्स एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे निदान होईपर्यंतच अरुंद जागा तयार झालेली असू शकते.

पण सर्वांत जास्त विसरला जाणारा प्रश्न पेनकिलरचा. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा इबुप्रोफेन आणून वर्षानुवर्षे घेणारे आपल्या घराघरांत आहेत, आणि ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले की ते बीपी-शुगरच्या गोळ्या सांगतात, पेनकिलर मात्र त्यांच्या हिशेबात औषधच नसते. या गोळ्यांनी काहींच्या लहान आतड्यात व्रण होतात. ते भरून येताना आतड्याच्या पोकळीत पातळ पडदा वाढतो. त्याची जाडी जेमतेम दोन-चार मिलिमीटर, मध्ये लहानसे भोक. पाइपात वायसर बसवावा तसा. असे पडदे बहुधा एकापाठोपाठ अनेक असतात. ते इतके पातळ असतात की सीटी स्कॅनमध्ये सहज हुकतात, आणि पोट उघडले तरी आतडे बाहेरून नॉर्मल दिसू शकते. स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे कॅप्सूल निघून जाईलच याची खात्री नाही, ते त्यामुळे.

अशा शंकेच्या रुग्णांसाठी एक डमी कॅप्सूल तयार झाली. आकार खऱ्या कॅप्सूलचाच, पण आत कॅमेरा नाही. लॅक्टोज आणि त्यात एक्स-रेवर दिसण्यासाठी थोडे बेरियम. तिच्या टोकांना हळूहळू झिजणारी बुचे असतात. सुमारे तीस तास ती आकार टिकवते. त्यानंतर बुचांतून आतड्यातला द्रव आत शिरतो, लॅक्टोज विरघळते आणि रिकामे आवरण चिपाडासारखे चेपते. म्हणून ती अडकली, तरी बहुधा आपोआप सुटते. तीस तासांच्या आत ती अख्खी बाहेर आली, किंवा मोठ्या आतड्यात पोहोचलेली दिसली, तर खरी द्यायला हरकत नाही. डमीनेही क्वचित पोटात कळ येते, पण कॅमेऱ्याची कॅप्सूल कायमची अडकण्यापेक्षा ते परवडले. क्रोन्सच्या ज्ञात रुग्णांत ही पायरी किंवा आतड्याचे विशेष स्कॅन आधी केले, तेव्हा अडकण्याचे प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आल्याचे त्याच २०१७ च्या विश्लेषणात दिसते.

इतके करूनही अडकली तर? बहुतेकांना त्रास होत नाही. आतडे पूर्ण बंद होणे दुर्मीळ. काही दिवस वाट पाहता येते. क्रोन्सची सूज स्टेरॉइडने उतरली की कॅप्सूल कधीकधी आपण होऊन सुटते. जपानच्या हिरोनोरी यामामोटो यांनी विकसित केलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीने लहान आतड्यात खोलवर जाऊन ती पकडून काढता येते. तेही न जमले तर शस्त्रक्रिया, आणि तिथे अडकलेल्या कॅप्सूलचा उपयोगच होतो. बाहेरून नॉर्मल दिसणाऱ्या आतड्यावरून सर्जनची बोटे फिरतात, कॅप्सूल हाताला लागते आणि आजाराची जागा सापडते. ज्या पडद्याने किंवा गाठीने ती अडवली, तोच बहुधा रक्तस्रावाचा किंवा दुखण्याचा उगम असतो. एकाच वेळी दोन्ही निघतात.

रुग्णाच्या हातात दोन गोष्टी आहेत. कॅप्सूल बाहेर पडलेली दिसली नाही, तर काही त्रास नसला तरी दोन आठवड्यांनी पोटाचा साधा एक्स-रे काढून घ्यावा. त्यात ती स्पष्ट दिसते. आणि ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये. गुडघ्याचा असो वा पाठीचा, मशिनजवळ जाण्याआधी ‘मी कॅप्सूल गिळली आहे’ हे तिथल्या टेक्निशियनला सांगावे.