पाण्याचा हक्क आणि जाब देणारा माणूस

धोरण, संस्था, नियमन असे शब्द कानांवर पडले की आपल्यातले बरेच कार्यकर्ते अंग काढून घेतात. हे इंजिनिअरांचे आणि मंत्रालयातल्या साहेबांचे शब्द आहेत, आपले काम अन्यायाविरुद्ध लढण्याचे, अशी आपली समजूत असते. मला ही समजूत घातक वाटते. पाण्याच्या बाबतीत आजचा अन्याय याच कोरड्या शब्दांच्या आड सुखाने नांदतो आहे. हक्क कागदावर असतो. पण तो न मिळाल्यास नेमक्या कोणत्या माणसाने जाब द्यायचा हे ठरलेले नसेल, तर त्या हक्काची किंमत एखाद्या शुभेच्छापत्राहून जास्त नसते.

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कोणी अमलात आणायचा, कधीपर्यंत, आणि न आणल्यास काय, याचा त्यात पत्ता नव्हता. १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांचे अनुदान सरकारने बंद करावे. आजच्या भाषेत याला नियमन म्हणतात. हक्काच्या मागे दंडाची तरतूद उभी करण्याचा तो प्रयत्न होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह स्वतः तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे असा दावा करून स्पृश्य मंडळी कोर्टात गेली, आणि अंतिम निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे. ज्या नगरपालिकेने तळे उघडायचे, तिनेच ते बंद करायचे, आणि तक्रारही तिच्याकडेच करायची, अशी ती व्यवस्था होती.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या पंधराव्या कलमाने सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तळी आणि घाट सर्वांना खुले केले. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ आणि १९८९ चे कायदे आले. हे सारे मोलाचेच आहे. पण या कायद्यांच्या डोळ्यांपुढे विहीर होती. विहिरीवर अडवणारा माणूस दिसतो, त्याचे नाव फिर्यादीत लिहिता येते. नळाचे तसे नाही. नळावर कोणी कोणाला अडवत नाही. पाण्याची टाकी गावाच्या कोणत्या अंगाला बांधायची, मुख्य जलवाहिनी कोणत्या आळीतून न्यायची, वस्तीकडे जाणारा पाइप किती इंचांचा घालायचा, व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, हे सारे आधीच ठरलेले असते. मी पाहिलेल्या कितीतरी गावांत बौद्धवस्ती जलवाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. वरच्या आळीत हंडे, पिंपे आणि मोटारी भरून झाल्यावर उरलेले पाणी खाली येते. विचारले तर उत्तर मिळते, ‘दाब कमी आहे, तांत्रिक अडचण आहे.’ पूर्वी ‘विटाळ’ हा शब्द होता, आता ‘दाब’ हा शब्द आहे. विटाळाविरुद्ध कायदा आहे. दाबाविरुद्ध कोणाकडे जायचे?

हा प्रश्न घेऊन निघालेला माणूस कसा भोवंडतो ते पाहा. खेड्यात योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण किंवा जिल्हा परिषद बांधते, ती चालवायची ग्रामपंचायतीने. पाइप लहान का, असे ग्रामपंचायतीला विचारावे तर ती बांधणाऱ्याकडे बोट दाखवते. बांधणारा म्हणतो, योजना आम्ही केव्हाच हस्तांतरित केली. शहरात चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा आणि स्वच्छता ही नागरी संस्थांची कामे म्हणून बाराव्या अनुसूचीत नोंदली. तिथे पाणी देणारी, दर ठरवणारी आणि तक्रार ऐकणारी संस्था एकच. आरोपी आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत बसल्यावर निकाल काय लागणार?

नियमन म्हणजे ही खुर्ची दोन ठिकाणी करणे. सेवा देणारा वेगळा आणि त्याला मोजपट्टी लावणारा वेगळा. विजेच्या बाबतीत आपल्याकडे हे झाले आहे. २००३ च्या वीज कायद्याखाली राज्य नियामक आयोग सेवेची मानके ठरवतो. जोडणी ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर ग्राहक भरपाई मागू शकतो, तक्रार निवारण मंच आणि त्यावर लोकपाल आहे. हे सगळे निर्दोष चालते असे नाही, पण दार कोणते ठोठवायचे हे तरी ठाऊक असते. पाण्यासाठी महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. देशातली ही अशी पहिलीच संस्था म्हणून तिचे कौतुक झाले. पण तिचा संबंध मुख्यतः धरणातल्या ठोक पाण्याशी : सिंचनाला, कारखान्यांना, नगरपालिकांना ते कोणत्या दराने द्यायचे याच्याशी. नगरपालिकेच्या वेशीतून आत आल्यावर ते पाणी कोणत्या वस्तीला किती वेळ मिळते, हे पाहणे तिचे काम नाही. म्हणजे नियमन धरणापाशी आहे, हंड्यापाशी नाही.

इथे आपल्यातले काही मित्र आक्षेप घेतील की नियामक म्हणजे खाजगीकरणाचे मागचे दार. तो येतो, दर वाढवतो आणि गरिबाचा नळ तोडतो. ही भीती खोटी नाही. नियामकाने फक्त दर आणि वसुली पाहिली तर तो आपल्याला आणखी एक सावकारच ठरेल. शिवाय नियामक सरकारच्या मर्जीवर किती अवलंबून असतो तेही आपण पाहिले : क्षेत्रवार पाणीवाटपाचा निर्णय घेण्याचा अधिकार २०११ च्या दुरुस्तीने प्राधिकरणाकडून निघून शासनाकडे गेला. म्हणून नियमन हवे की नको यावर वेळ घालवण्यापेक्षा, मोजपट्टीवर काय लिहिले आहे आणि ती धरणाऱ्यांत आपले कोणी आहे का, हे आपण विचारले पाहिजे. वस्तीवार पाण्याची नोंद हे नियमनाचे पहिले मानक झाले पाहिजे. गावाची सरासरी सांगून भागणार नाही. सरासरीत वरची आळी आणि खालची वस्ती एकाच आकड्यात बुडून जातात.

शहरातल्या गरिबाला तर मोजणीतच धरत नाहीत. मुंबईत १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना महापालिका पाणी नाकारत होती. पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदा आहे एवढ्यावरून ते नाकारता येणार नाही, महापालिकेने त्यासाठी योजना करावी. मात्र कायदेशीर घरांच्या बरोबरीचा हक्क न्यायालयाने या वस्त्यांना दिला नाही. एवढे मिळवण्यासाठीही माणसांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, कारण खालच्या कोणत्याही पायरीवर जाब देणारे कोणी बसलेले नव्हते.

आता पाण्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. वापरलेले पाणी गटारात जाते, आणि गटारात आपला माणूस उतरतो. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली. ६ डिसेंबर २०१३ रोजी नवा, व्यापक कायदा अमलात आला. त्यात गटार आणि सेप्टिक टँक यांची ‘धोकादायक सफाई’ करवून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण व्याख्या नीट वाचा. संरक्षक साधने न देता आणि खबरदारी न घेता करवलेली सफाई तेवढी धोकादायक. म्हणजे हातमोजे आणि बूट दिल्याचे कागद तयार असले की माणूस गटारात उतरवण्याची वाट मोकळी राहते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. विधवेला हे पैसे मिळालेच पाहिजेत. पण मेल्यावर दिलेली भरपाई हे नियमन नव्हे. कंत्राटाच्या साखळीत महापालिका, कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि मुकादम असे चौघे असतात, आणि मेलेला कामगार चौघांच्याही हजेरीपटावर नसतो. ज्या संस्थेची गटारे आहेत तिचा प्रमुख अधिकारी नावानिशी जबाबदार धरला जाईल, आणि यंत्राशिवाय सफाईचे कंत्राटच मंजूर होणार नाही, तेव्हा हे मरण थांबेल. सफाईच्या कामात जात आणि कंत्राट हातात हात घालून चालतात. दोघांवरही एकदमच घाव घालावा लागेल.

आपण काय करायचे? माझे सांगणे शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना विशेष आहे. एक हंडा आणि एक घड्याळ घ्या. जल जीवन मिशनचे मानक माणशी रोज ५५ लिटर आहे. समजा, बारा लिटरचा हंडा भरायला तीन मिनिटे लागतात आणि पाणी दिवसाकाठी अर्धा तास येते. तर दहा हंडे, म्हणजे १२० लिटर झाले. घरात पाच माणसे असतील तर माणशी २४ लिटर, निम्म्याहूनही कमी. महिनाभर अशी नोंद खालच्या वस्तीत आणि वरच्या आळीत एकाच वेळी ठेवा. माहितीच्या अधिकारात योजनेचा नकाशा आणि पाइपांची मापे मागा. दोन्ही कागद ग्रामसभेत ठेवा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. शहरात नळजोडणी मागायची असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अर्ज करा. त्यात मुदत आहे, नेमलेला अधिकारी आहे, अपील आहे, आणि कसूर केल्यास त्या अधिकाऱ्याच्या खिशातून ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. अर्जाची पोच मात्र सोडू नका.

मोर्चा काढावा लागेलच. महाडशिवाय काहीच हलले नसते. पण मोर्चा संध्याकाळी घरी परततो आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी हाताने उघडतो. त्या हातावर कोणाची नजर आहे, त्याच्या चुकीचा जाब कोण देणार, हे कायद्यात लिहून घेईपर्यंत चवदार तळ्याचा लढा पुरा झाला असे मी मानत नाही.