पाण्याखालचं गाव आणि नकाशाची लायब्ररी

लायब्ररी म्हटलं की माझ्या पिढीला पुस्तकांची कपाटं आठवतात. त्यामुळे पुतण्या म्हणाला, ''काका, आधी नकाशाची लायब्ररी ठरवू या,'' तेव्हा मला क्षणभर ग्रंथालयाची पायरीच दिसली. त्याच्या मनात होता तो संगणकासाठी कुणीतरी लिहून ठेवलेला तयार संच. वेबपानावर नकाशा उमटवणारा, तो सरकवू देणारा, त्यावर खुणा लावू देणारा.

काम घरचंच होतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. आमचं गाव त्या पाण्यात गेलं, माणसं चार दिशांना पांगली. गावठाणाचा जुना नकाशा मात्र आमच्या ट्रंकेत राहिला. तो आजच्या नकाशावर अंथरायचा आणि हयात असलेल्या वडीलधाऱ्यांनी आपापलं घर दाखवायचं, एवढीच कल्पना. दरवर्षी त्यांतली दोन-चार माणसं कमी होताहेत.

पुतण्यानं नावं मांडली. गूगल मॅप्स देखणा नि ओळखीचा; पण बिलाचं खातं जोडावं लागतं, आणि २०१८ साली दर व नियम बदलले तेव्हा अनेकांना दुसरी वाट धरावी लागली होती. मॅपबॉक्सच्या लायब्ररीचा परवाना पूर्वी खुला होता. डिसेंबर २०२० मधल्या नव्या आवृत्तीपासून तो राहिला नाही. तेव्हा इतरांनी शेवटची खुली आवृत्ती घेऊन मॅपलिब्रे उभी केली. ती नकाशा फिरवते, तिरपा करते, हजारो खुणा झेलते. २००६ ची ओपनलेयर्स फार जाणकार. पण शिकायला वेळ मागते. आणि कीवच्या व्होलोदिमिर आगाफोन्किन यांनी २०११ साली आणलेली लीफलेट. तिचं वजन अवघं ४२ किलोबाइटच्या आसपास.

बँकेत मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले. अर्जदाराचा सदरा कधी पाहिला नाही. हप्ता कशातून येणार आणि उद्या अडलं तर जामीन कोण, एवढंच विचारलं. इथंही तेच विचारलं. हे पान पुनर्वसनाच्या वस्तीतल्या स्वस्त फोनवर उघडेल का? दहा वर्षांनी पुतण्या आपल्या संसारात गुंतला, तर बिल कोण भरणार?

आम्ही लीफलेट घेतली. नकाशा तिरपा होत नाही. आम्हाला तो करायचाही नव्हता. मात्र लायब्ररी ही नुसती चौकट, आतलं चित्र दुसरीकडून आणावं लागतं. ते २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपकडून घेतलं. तिथं श्रेयाची ओळ द्यावी लागते, आणि त्यांचे सर्व्हर देणगीवर चालत असल्यानं बेसुमार भार टाकायचा नसतो. फुकट म्हणजे बिनशर्त नव्हे, हे बँकवाल्याला सांगायला नको.

पाणी ओसरलं की वर येणारं देऊळ आणि जुना पूल यांच्या आधारानं नकाशा जुळवला. निळ्या पाण्यावर फिकट गल्ल्या उमटल्या. फोन आईपुढे धरला. बराच वेळ ती बघत राहिली. मग देवळामागच्या तिसऱ्या घरावर तिनं बोट टेकवलं, आणि तिथं खूण उमटली.

''इथं नको रे,'' ती म्हणाली, ''हा गोठा. दार पलीकडं होतं.''

पुतण्यानं खूण सरकवली.