गाडीचा पट्टा मी बदलला!

चाळीस वर्षे मुलांना भूमिती शिकवली. पण गाडीचे बॉनेट उघडून आत हात घालण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तो आला गेल्या वर्षी, ऐन दिवाळीच्या तोंडावर. लेक तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन धनत्रयोदशीला येणार होती. खेड स्टेशनावर तिला उतरवून घ्यायचे आणि दापोलीवरून हर्ण्याला आणायचे, असा बेत. अन् तीन दिवस आधी गाडी सुरू करतो, तो आतून असा किंचाळण्याचा आवाज आला की अंगणातली मांजर थेट कौलांवर गेली!

पावसाळाभर गाडी झापांच्या मांडवात उभी होती. समोर सुवर्णदुर्गाला वळसा घालून येणारा खारा वारा. बॉनेट उघडून पाहिले, तर इंजिनाच्या कडेच्या काळ्या पट्ट्याला चिरा गेलेल्या, आणि एके ठिकाणी तुकडाच उडालेला.

हा पट्टा म्हणजे आपल्या लहानपणच्या फॅनबेल्टचा थोरला भाऊ. पूर्वी एकेका कामाला वेगळा पट्टा असे. १९७९ साली अमेरिकेत फोर्डच्या मस्टँग गाडीत सगळ्या पुल्यांवरून नागमोडी फिरणारा एकच लांब पट्टा आला आणि पुढे तोच रूढ झाला. माझ्या जुन्या गाडीत बॅटरी भरणारा आल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप आणि गार हवेचे यंत्र ही चारही बिऱ्हाडे त्याच्याच जिवावर. तो तुटला की दिवे हळूहळू मंदावणार, स्टिअरिंग जड होणार, पाणी फिरेनासे होऊन इंजिन तापणार. आणि हे सगळे घाटात, अंधारात, मांडीवर तान्हे मूल असताना!

मेकॅनिक सणासाठी गावी गेलेला. सौ. म्हणाली, “अहो, भाड्याची गाडी सांगा.” पण लेकीला आणायला स्वतःची गाडी न्यायची, हा माझा हट्ट.

इंजिन गार होऊ दिले. किल्ली काढून ठेवली आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. मग कॅलेंडरच्या पाठीवर पट्ट्याच्या वाटेची आकृती काढली. ही आकृती काढल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नये. एकदा तो निघाला की कोणत्या पुलीच्या वरून आणि कोणत्या पुलीच्या खालून गेला होता, ते ब्रह्मदेवालाही आठवत नाही. पट्टा ताणून धरणारी एक स्प्रिंगची पुली असते. तिच्यावर लांब दांड्याचा पाना लावून ती मागे रेटली, तसा पट्टा ढिला पडून निघाला.

तो पिशवीत घालून एस. टी.ने दापोली गाठली. पट्ट्यावर ‘६ पीके’ आणि पुढे आकडा होता. पहिला आकडा धारांचा, शेवटचा लांबीचा, मिलिमीटरमध्ये. दुकानदाराने दोन्ही पट्टे शेजारी धरून खात्री करून दिली.

घरी येऊन प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली. एखादी खरखरली किंवा डगमगली, तर नवा पट्टाही टिकत नाही. पुल्यांवरचा क्षार कोरड्या फडक्याने पुसला. तेलाचे बोट लावायचे नाही, पट्टा घसरतो. धारांची बाजू खाचांच्या पुल्यांवर, सपाट पाठ गुळगुळीत पुल्यांवर, असे करत सर्वांत शेवटी वरच्या गुळगुळीत पुलीवर पट्टा सरकवला आणि ताणाची पुली हळूच सोडली. छाती फुगली!

तेवढ्यात शेजारचे तांडेल डोकावले. लाँचच्या इंजिनाशी त्यांचा जन्म गेलेला. वाकून पाहत म्हणाले, “मास्तर, आल्टरनेटरवर पट्टा एक घर बाहेर बसलाय. असाच चालवलात तर कडेपासून उसवत जाईल.”

पाहतो तो खरेच! एक धार पुलीबाहेर लोंबत होती. आकृती बिनचूक आणि रचना चुकलेली. याच चुकीला मी मुलांचे गुण कापत आलो होतो. मुकाट्याने पुन्हा पाना घेतला. मग तांडेलांनी एकेका पुलीवर कंदिलासारखी बॅटरी धरली आणि मी प्रत्येक खाच बोटाने तपासली. बॅटरीची तार जोडून गाडी जरा चालवली, बंद केली, पुन्हा पाहिले. आवाज नाही.

सौ. मात्र बधली नाही. “आधी एकटे दापोलीला जाऊन या. मग बाळाचं बघू.” तिचे म्हणणे रास्त होते. गेलो, आलो, पुन्हा बॉनेट उघडले. पट्टा जागच्या जागी.

धनत्रयोदशीच्या रात्री खेडहून परतताना वळणावळणावर माझा कान इंजिनाकडेच होता. बाळ गाढ झोपले होते. दारात गाडी थांबली. सौ.ने बाळाची दृष्ट काढली आणि उरलेली मीठमोहरी, काही न बोलता, बॉनेटवरून उतरवली.