वानगी आणि उचल

धान्याच्या आडतीवर आयुष्य घालविलेल्या, मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या माणसाने शास्त्रीय संशोधनाविषयी लिहावे, हे कित्येक सभासदबंधूंस धाडसाचे वाटेल. परंतु ज्या प्रसंगाने आम्हांस आमची एक चूक दाखविली, तो या स्मरणिकेत मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या पेढीवरील मुनिमांची कन्या नांदेड येथे जैवतंत्रज्ञान विषयात एम. एस्सी. करीत होती. काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी, हा तिचा अभ्यासविषय. अशी ज्वारी आदिलाबादच्या बाजारात आली म्हणजे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. भाव पडतो, शेतकरी खाली मान घालून परततो आणि घेणाऱ्याच्या गोदामातही तो माल पडून राहतो. या दाण्यातील स्टार्चची साखर करून यीस्टच्या साहाय्याने तिचे इथेनॉल किती निघते, हे ती मुलगी प्रयोगशाळेत मोजीत होती.

यीस्ट, बुरशी, जीवाणू यांच्याकडून टाक्यांमध्ये उपयुक्त पदार्थ तयार करवून घेण्याच्या विद्येस जैवप्रक्रिया म्हणतात. ती आपल्याकडे नवी नाही. 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलिन याच मार्गाने तयार झाले. तेथेच हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले गेले आणि ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी गाव कायमचे राहिले. आज पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलसाठी मका मोठ्या प्रमाणावर जातो. एक टन मक्यापासून सुमारे 380 लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे ही विद्या आता आपल्या आडतीच्या दाराशी येऊन उभी आहे.

या विषयाच्या परिषदांत विद्यार्थ्यांना आपले संशोधन पोस्टरच्या रूपाने मांडता येते. एका मोठ्या कागदावर प्रश्न, प्रयोगाची रीत, आकडे आणि निष्कर्ष छापावयाचे, आणि जाणकार येतील तसे त्याजवळ उभे राहून उत्तरे द्यावयाची. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन महोत्सवातही हीच पद्धत आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही संशोधनाची वानगी होय. मूठभर दाणे तळहातावर घेऊन आपण पोत्याची पारख करितो, तशीच ही पारख.

त्या मुलीची वानगी मुंबईच्या एका परिषदेने स्वीकारली. गरजू विद्यार्थ्यांसाठी साहाय्यवृत्तीही होती. परंतु ती रक्कम परिषद संपल्यावर, तिकिटे व हजेरीचे प्रमाणपत्र पाहून मिळावयाची होती. प्रवेशशुल्क, गाडीभाडे, राहण्याचा खर्च आणि पोस्टरची छपाई मात्र आधी. मुनिमांनी संकोचाने आमच्याकडे शब्द टाकला नाही. शुल्काची मुदत टळली आणि मुलगी गेली नाही. ज्या आठवड्यात हे घडले, त्याच आठवड्यात आम्ही एका शेतकऱ्यास हरभऱ्याच्या बियाण्यासाठी उचल दिली होती. ती नोंद मुनिमांनीच आपल्या हाताने वहीत केली होती! हे आम्हांस महिन्याभराने कळले, तेव्हा ते पान पाहून आम्हांस लाज वाटली.

पुढील वर्षी पुन्हा संधी आली. या वेळी रक्कम आम्ही आधीच हाती ठेविली आणि वडील-कन्या नंदीग्राम गाडीने मुंबईस गेली. दोन तास ती आपल्या पोस्टरजवळ उभी होती. तेथे एका अनुभवी गृहस्थांनी तीस विचारिले, “इथेनॉल निघाले, पण बुरशीचे विष कोठे गेले?” तीस उत्तर देता आले नाही. विष इथेनॉलबरोबर जात नाही. ते मागे उरलेल्या चोथ्यात राहते, आणि स्टार्च निघून गेल्यामुळे त्याचे प्रमाण तिपटीपर्यंत वाढू शकते. तो चोथा तर जनावरांच्या खाद्यात जातो. परतल्यावर तिने हेच मोजावयास घेतले. बक्षीस मिळाले नाही, परंतु असा प्रश्न घरी बसून मिळाला नसता.

आपल्या समाजास विद्यादानाची परंपरा नवी नाही. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा 1878 साली पुरा झाला. 1866 साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या दोन लक्ष रुपयांतून शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे त्या विद्यापीठाचे कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी यांना ती 1886 साली लाभली होती. तेवढी ऐपत आपली नाही; गरजही तेवढ्याची नाही.

आमची सूचना लहान आहे. संघाने विद्यार्थ्यांसाठी एक फिरता निधी ठेवावा. परिषदेचे स्वीकृतिपत्र दाखविताच शुल्क व प्रवासखर्च बिनव्याजी उचल म्हणून द्यावा, आणि साहाय्यवृत्ती हाती आल्यावर विद्यार्थ्याने तो परत करावा. साहाय्यवृत्ती न मिळाल्यास ती रक्कम संघाने सोडून द्यावी. लाभ केवळ सभासदांच्या मुलांस न ठेवता मुनीम, मापाडी, हमाल यांच्या मुलांसही असावा.

पेरणी झाल्यावर दिलेले बियाणे कोणाच्या उपयोगी पडते? येत्या सर्वसाधारण सभेत सभासदबंधूंनी याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. निधीची पहिली रक्कम आमच्या पेढीने बाजूस काढून ठेविली आहे, आणि ती नोंद आमच्या सांगण्यावरून त्याच मुनिमांनी वहीत केली आहे.