दुसऱ्या कंपनीचं ग्राफिक्स कार्ड लावताय? आधी जुना ड्रायव्हर काढा

देवळी (जि. वर्धा) : ऐन लग्नसराईत भाच्याचा फोन आला. "मामू, नवीन कार्ड लावलं आन् स्क्रीन काळीच. कार्डच खराब निघालं वाटते."

भाचा इथे देवळीतच निकाहच्या पत्रिका आणि लग्नाच्या व्हिडिओचं काम करतो. पत्रिकेचा उर्दू मजकूर इनपेजमध्ये, व्हिडिओ प्रीमियरमध्ये. त्याच्या कॉम्प्युटरला एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड होतं. नागपूरहून त्याने एएमडीचं आरएक्स ५८० आणलं, वापरलेलं. जुनं काढलं, नवं बसवलं, बटण दाबलं. विंडोजचा लोगो दिसला आणि मग अंधार. ओळखीच्या एका दुकानदाराने फोनवरच सांगून टाकलं, फॉरमॅट मारा. त्या डिस्कवर दोन लग्नांचं शूटिंग होतं आणि त्याची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. कॅमेऱ्याची मेमरी कार्डं केव्हाच पुसून पुन्हा वापरात गेली होती. लग्न काही कोणी परत लावत नाही! म्हणून त्याला म्हटलं, मी येईपर्यंत हात लावू नको.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मी वर्गात मुलांना असं सांगतो : विंडोज एक भाषा बोलते, कार्ड दुसरी, आणि ड्रायव्हर हा मधला दुभाषा. उर्दू-मराठी जाणणारा माणूस चिनी पाहुण्यासमोर बसवून उपयोग नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर एएमडीच्या कार्डाशी बोलूच शकत नाही. पण कार्ड काढून घेतलं म्हणजे त्याचा ड्रायव्हर निघून जात नाही. त्याच्या फाइली विंडोजच्या 'ड्रायव्हरस्टोअर' फोल्डरमध्ये राहतात, रजिस्ट्रीत नोंदी राहतात आणि मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस कॉम्प्युटरसोबत रोज सुरू होतात.

दरवेळी यामुळे बिघाड होतोच असं नाही, हेही सांगायला हवं. बरेच जण काहीही न काढता कार्ड बदलतात आणि काम चालतं. पण अडकलं की कारण सापडता सापडत नाही. कधी स्क्रीन काळी, कधी गेम मधेच बंद, कधी एखादं सॉफ्टवेअर जुनंच कार्ड शोधत बसतं. त्यात भाच्याचं इंटरनेट चालू होतं. नवं हार्डवेअर दिसलं की विंडोज अपडेट स्वतःहून ड्रायव्हर आणून बसवायला लागतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. स्क्रीनवर सुरुवातीचा लोगो येत होता, म्हणजे कार्ड पूर्ण मेलेलं नव्हतं. विंडोज सुरू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद केला. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणते. तिथून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि मग ४ आकडा. हा सेफ मोड. इथे विंडोज फक्त आपला साधा ड्रायव्हर वापरते, त्यामुळे चित्र आलं. पहिलं काम म्हणजे दोन्ही लग्नांचं शूटिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं. बाकी सगळं त्यानंतर.

मग नेटची वायर काढली आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' चालवलं. लोक याला डीडीयू म्हणतात. फुकट आहे, पण वॅग्नार्डसॉफ्ट या त्याच्या निर्मात्यांच्या साइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. आम्ही मी माझ्या लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये नेलं होतं. त्यात आधी एनव्हिडिया निवडून सफाई केली, मग अर्धवट बसलेल्या एएमडीचीही. रिस्टार्टनंतर साध्या विंडोजमध्ये चित्र आलं, अक्षरं मोठी आणि जरा धूसर. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो मायक्रोसॉफ्टचा बेसिक ड्रायव्हर असतो. मग एएमडीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून बसवला, पुन्हा रिस्टार्ट, आणि सर्वांत शेवटी नेट.

खरं तर हे उलट क्रमाने व्हायला हवं होतं. जुनं कार्ड आत असतानाच नवा ड्रायव्हर आणि डीडीयू उतरवून ठेवायचं, नेट तोडायचं, शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करून सेफ मोडमध्ये जायचं आणि डीडीयूमध्ये सफाई करून शटडाउन करण्याचा पर्याय निवडायचा. तो पर्याय कार्ड बदलणाऱ्यांसाठीच ठेवलेला आहे. मग स्विच बंद, वायर बाहेर, आणि तेव्हाच कॅबिनेट उघडायचं.

दोन गोष्टी मात्र आधीच बघा. सेफ मोडमध्ये कधी कधी विंडोजचा चार आकडी पिन चालत नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड माहीत हवा. आणि डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. ती नसली तर डेटा गेला समजा.

वीजही बघावी लागते. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड, बहुतेक वेळा वेगळी पॉवरची वायर लागत नाही. आरएक्स ५८० हे १८५ वॅटचं. भाच्याने वायर बरोबर जोडली होती, पण स्वस्तातला पॉवर सप्लाय असेल तर ड्रायव्हर कितीही साफ करा, कॉम्प्युटर लोडवर बंदच पडेल.

वापरलेल्या कार्डाची आणखी एक गोम आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं मायनिंग संपलं आणि ती कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगवाले अनेकदा कार्डाचं बायोसच बदलून ठेवत. असं कार्ड एएमडीचा ड्रायव्हर स्वीकारत नाही. तेव्हा सफाई करूनही ड्रायव्हर बसला नाही, तर दुकानदाराला हे विचारायचं.

एकाच कंपनीचं कार्ड बदलत असाल तर एवढा खटाटोप बहुधा लागत नाही. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये 'कस्टम'खाली क्लीन इन्स्टॉलची खूण असते, एएमडीचंही स्वतःचं सफाईचं साधन आहे. डीडीयू दर महिन्याला चालवायची गोष्ट नव्हे. आणि लॅपटॉपमधला इंटेलचा ड्रायव्हर उगाच पुसू नका, बऱ्याच लॅपटॉपचा पडदा त्याच्यावरच चालतो.

एवढं करूनही संध्याकाळी परत फोन! "मामू, प्रीमियर कुडा कुडा नाही बोलून राहिलं." म्हणजे कूडा. कूडा एनव्हिडियाची आहे, एएमडीच्या कार्डावर चालत नाही. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडरर बदलून ओपनसीएल केलं आणि काम सुरू झालं. एखादं सॉफ्टवेअर फक्त कूडावरच चालत असेल, तर ते कार्ड विकत घेण्याआधी बघायचं, नंतर नाही. १०५० टीआय त्याने अजून विकलेलं नाही. दोन्ही घरचे व्हिडिओ पोचते होईपर्यंत ते कपाटात राहील म्हणतो. मी तेच सांगितलं, आणि परत लावायची वेळ आली तर याच रस्त्याने, फक्त या वेळी एएमडी पुसून.