पिल्लू चावतंय? काठी नको, भाकरी दाखवा

वस्तीवर राखणीला आणलेलं पिल्लू 2-3 महिन्यांचं झालं, की पोरांच्या पोटऱ्या धरतं, चप्पल पळवून खाटेखाली बसतं अन् जवळ गेलं की गुरगुरतं. शेतकरी बंधूंनो, लगेच काठी उचलू नका. दुधाचे दात पडेपर्यंत, म्हणजे साधारण 6 महिन्यांपर्यंत, हे चालायचंच. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लात जरा जास्तच. चावलं की खेळ थांबवून उठून जा. चघळायला जुन्या दाव्याचा तुकडा द्या. चप्पल हिसकावू नका, भाकरी दाखवा. ते आपणहून सोडतं. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडून थेट चावू लागतं. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्या. दात लागून नुसतं खरचटलं तरी हळद-चुना भरत बसू नका; साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.