आईचे पंधराशे आणि तुमची सॅलरी स्लिप

एक छोटंसं गणित सोडवा. बाबा बार्शीजवळ पाच एकर शेती करतात. आई घर आणि शेत दोन्ही बघते. दादाचं लग्न झालंय, तो चिंचवडला असतो. तुम्ही हिंजवडीत, एकदम सिंगल, पगार महिना तीस हजार आणि नावावर हप्त्यांवर घेतलेली सेकंडहँड कार. आता सांगा, या कुटुंबाचं उत्पन्न किती?

उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारा. कुठल्या फॉर्मवर?

कारण सरकारी योजनेत आधी 'कुटुंब' मोजतात, मग पैसे. पीएम किसानच्या फॉर्मवर कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अठरा वर्षांखालची मुलं. म्हणजे तुमचा पगार तिथे हिशेबातच नाही. बाबांचे वर्षाचे सहा हजार सेफ. केंद्राच्या नोकऱ्या आणि शिक्षणातल्या ईडब्ल्यूएस आरक्षणासाठी तुम्ही स्वतः अर्ज केलात, तर मात्र आईबाबा तुमच्या कुटुंबात येतात. तिथे उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, पण घरात पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दार बंद. आणि 'लाडकी बहीण'च्या फॉर्मवर कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. दादा बाहेर, तुम्ही आत. तुमच्या पगारासकट आणि कारसकट!

चाळण्या कुठल्या?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या महिलेला महिना १५०० रुपये, थेट तिच्या खात्यात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. बाराने भागा, महिन्याला २० हजार ८३३ येतात. तुमचा तीस हजार पगार एकट्यानेच ही रेषा ओलांडतो, बाबांचा कांदा मातीमोल भावाने गेला असला तरी.

पुढची चाळणी आयकराची. घरात कुणी आयकरदाता असेल तर लाभ नाही. 'मी कुठे टॅक्स भरतो?' म्हणून निवांत होऊ नका. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला, नोकरदाराला वर ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन. म्हणजे महिना ऐंशी हजार कमावणारा मुलगाही आयकराच्या चाळणीतून सहज सुटेल, पण अडीच लाखांच्या चाळणीत अडकेलच. या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि दोन्ही पाळायच्या आहेत.

तिसरी चाळणी चारचाकीची. कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर चारचाकी नको. सूट लिहिली आहे ती ट्रॅक्टरला. गाडी दहा वर्षं जुनी आहे, अजून चोवीस हप्ते बाकी आहेत, असली कारणं चालत नाहीत. शिवाय सरकारी नोकरी, पेन्शन, दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळणं, याही अटी आहेतच.

दिसणारी गाडी, न दिसणारं सोनं

आता गंमत बघा. सुरुवातीला पाच एकर शेतीचीही अट होती. जुलै २०२४ मध्ये ती काढून टाकली. सोनं, एफडी, गावातलं भाड्याने दिलेलं घर, यांच्यासाठी वेगळी अट नाही. त्यातून येणारे पैसे उत्पन्नात धरायचे, पण ते सांगणार कोण? शेतीचं उत्पन्न तर करमुक्त. ते बहुतेक वेळा अंदाजानेच दाखल्यावर चढतं.

त्यात आणखी एक सवलत. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. राज्यात तीन रंगांची कार्डं १९९९ मध्ये आली. केशरी कार्ड वर्षाला १५ हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्यांचं. तुम्ही शाळेत असताना निघालेलं कार्ड, त्यावर तुमचं नाव, आणि आज तुम्ही आयटी पार्कमध्ये! कार्डाचा रंग तोच, घर मात्र बदललेलं.

मग तपासणी कशाची होते? जी गोष्ट कॉम्प्युटरवर सापडते तिची. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहन विभागाच्या याद्या घेऊन अंगणवाडी सेविका घरोघरी गाडी शोधत फिरल्या. जुलै २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे पैसे थांबवल्याचं सरकारने सांगितलं. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं आणि त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांकही द्यावा लागला. थोडक्यात, पगारदाराची प्रत्येक गोष्ट नोंदलेली असते. दागिने आणि रोखीचा धंदा तसा सापडत नाही. म्हणून दोन घरांची ऐपत सारखी असली, तरी ज्या घरात पगाराची नोकरी आहे ते आधी कटतं. हे अन्यायाचं वाटतं, आणि थोडंफार आहेही. पण नियम तुमच्या घराला लागू होत असेल, तर शेजारच्या घराकडे बोट दाखवून आपला अर्ज पात्र होत नाही.

मग करायचं काय?

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक तास काढा.

• रेशनकार्ड बघा. कुणाचं नाव आहे, कुणाचं लग्न झालं, कोण आता तिथे राहत नाही? बदल नोंदवून घ्या.

• गाडी विकलीत ना? आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली का, ते तपासा. झाली नसेल, तर सरकारी यादीत गाडी अजून तुमचीच आहे.

• शंका असेल तर सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार'वरून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करा. तुमची सॅलरी स्लिप लपवू नका. तहसीलदारांचा खरा दाखला पुढे कामाला येतो.

• पैसे चुकून थांबले असतील, म्हणजे गाडी नाही, नोकरी नाही, तरी नाव कटलंय, तर कागद घेऊन अंगणवाडी सेविकेकडे किंवा महिला व बालविकास कार्यालयात जा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आईला एकटीला पाठवू नका.

• आणि अट खरंच मोडत असेल, तर लाभ सोडण्याचा अर्ज स्वतःहून द्या.

शेवटचा मुद्दा जरा घरचा. तुमच्यासाठी १५०० म्हणजे वीकएंडचं एक बिल. पण आईसाठी ते वर्षाला १८ हजार होते, तेही तिच्या नावाच्या खात्यात, कुणाला हिशेब न देता खर्चायचे. ते तुमच्या पगारामुळे थांबणार असतील तर बँकेच्या ॲपवर एक स्टँडिंग इन्स्ट्रक्शन टाका. दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, तिच्याच खात्यात. बाबांच्या नाही. आणि कशाला खर्च केलेस, ते अजिबात विचारू नका.